घरच्यांची यादी

नोटीसबोर्डावरच्या यादीत सातव्या नावावर पेन्सिलीची रेघ होती. हलकी, श्वास रोखून मारल्यासारखी, मध्यावर जराशी थरथरून पुढे गेलेली. वसीलाच्या हातातला कागदी पेला दबला आणि कोमट कॉफी अंगठ्यावरून मनगटाकडे उतरली. ती तिने पुसली नाही. रेघ डावखुऱ्या हाताची आहे, बसून नाही तर उभ्याने मारलेली आहे, मारणाऱ्याने आधी मागे वळून पाहिलं असणार, हे सगळं तिला न ठरवता कळलं. एकवीस वर्षं या इमारतीत काढल्यावर माणूस रेघेकडे नुसती रेघ म्हणून बघू शकत नाही. नवोदितांनी आपलं काम मांडायच्या सभेला नऊ दिवस उरले होते आणि अरीजने स्वतःचं नाव खोडलं होतं. खाली रस्त्यावर ट्रामची घंटा वाजली, कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली, ट्यूनिसची सकाळ रोजच्यासारखी पुढे सरकली. वसीला मात्र तिथेच उभी. एकोणीस वर्षं जिवापाड सांभाळलेली एक गोष्ट, आणि ती खोडायला एका पोरीला दोन इंच पेन्सिल पुरते?

अरीज शीतपेट्यांच्या खोलीत नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होती. चोवीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, उंचीमुळे सदैव जराशी वाकून चालणारी मुलगी. न्यायसहायक प्रयोगशाळेत येऊन तिला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं.

"ती पेन्सिल दे इकडे," वसीला दारातूनच म्हणाली.

अरीजचा हात एप्रनच्या खिशावर गेला. "मॅडम, माझी वेळ सूस शहराहून येणाऱ्या त्या मुलाला द्या ना. केसांवरचं त्याचं काम खरंच चांगलं आहे."

"तो केसांवर बोलेल. तू माणसांवर बोलणार आहेस. घाबरलीस?"

"हो. म्हणजे, तसं नाही."

"अगं, पहिल्या वेळी सगळ्यांचंच होतं तसं. माझे तर गुडघे वाजत होते. मला वाटलं, माईकमधून ऐकू जातंय." वसीला हसली. आपल्या आवाजातला मध तिला स्वतःलाच ऐकू आला, जाड, ताटाच्या कडेवरून ओघळणारा. "समोर बसलेले सगळे आपलेच लोक असतात. कुणी खात नाही तुला."

"मॅडम, सगळं बोलायचं? सगळे अकरा?"

"एक ओळसुद्धा गाळायची नाही."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. भित्र्या मुली अशाच बघतात, वसीलाने स्वतःशी नोंद केली, आणि पुढे होऊन तिच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली.

अरीजचं काम दिसायला अगदी साधं होतं. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या गालातून कापसाच्या काड्या फिरवून घेतल्या गेल्या, संचालकापासून फरशी पुसणाऱ्या मन्नानाबाईपर्यंत. तपासणाऱ्याचाच डीएनए चुकून नमुन्यात मिसळला तर तो ओळखू यावा म्हणून. त्या नमुन्यांच्या यादीला सगळे घरच्यांची यादी म्हणत. यादीत नुसते आकडे. कोणता आकडा कुणाचा ते मोहोरबंद पाकिटात, अरीजच्या विभागाच्या कपाटात, आणि ते उघडायची मुभा त्या विभागालाच. आपला आकडा कुणालाच माहीत नव्हता. अरीजने काय केलं, वीस वर्षांच्या जुन्या फायली उघडल्या, त्यांत 'अनोळखी स्त्री', 'अनोळखी पुरुष' म्हणून पडून राहिलेले जेवढे होते तेवढे या यादीशी लावून पाहिले. अकरा अनोळखी माणसं घरचीच निघाली. आणि मार्चमधल्या एका दुपारी ती वसीलाच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली होती, "मॅडम, ती दोरीवरची बाई. ती आपल्याच इमारतीत आहे." म्हणाली आणि खाली बघत राहिली. त्या दुपारी वसीला घरी चालत गेली होती. बाब सुईकाच्या चौकापाशी थांबून तिने साखरेत घोळवलेला गरम बंबालूनी घेतला होता, लग्नातल्यासारखा, आणि रस्त्यातच खाल्ला होता. ती आपल्याच इमारतीत आहे. अर्थातच आहे. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीत तुळशीची कुंडी ठेवून.

नैला. संचालक हेदींच्या बहिणीची मुलगी. जूनअखेर मामा निवृत्त होणार आणि खुर्ची भाचीला मिळणार, हे पहारेकऱ्यालासुद्धा माहीत होतं.

अत्तरवाला ख्मैस, आदराने सी ख्मैस, जुन्या बाजारात आपल्या दुकानात पडद्याच्या दोरीने आवळलेला सापडला तेव्हा वसीलाच्या लग्नाला आठवडा झाला होता. दोरीचं पुडकं तिनेच उघडलं. गाठ सोडवायची नाही, गाठीच्या आतल्या वळणावरून काडी फिरवायची, ही तिची स्वतःची युक्ती. प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत दोनच बायका होत्या, ती आणि नैला. गाठीवर एका स्त्रीचा डीएनए मिळाला. केवढं कौतुक झालं तिचं! पोलीस नऊ महिने त्या स्त्रीला शोधत राहिले, कपडे धुणारीला, शेजारणीला, हमामवालीला. आणि तेवढ्यात ज्याच्याकडे आधी वळायला हवं होतं तो ख्मैसचाच पुतण्या बोटीत बसून समुद्रापार गेला, तो कायमचा. मग सभा आली. "बोल पोरी, इथे सगळे आपलेच आहेत," हेदी म्हणाले होते. तिच्या पाठीवर हात ठेवून. तिने गाठीची युक्ती सांगितली, पडद्यावर चित्रं दाखवली, टाळ्यांची वाट पाहिली. हेदी उभे राहिले. हातात एक कागद होता. हीच स्त्री, त्यांनी वाचलं, बिझर्तच्या एका फुटक्या खिडकीवर मिळाली आहे. आणि सूसच्या एका चोरीच्या गाडीतही. तिन्ही नमुने एकाच आठवड्यात, आपल्याच एका टेबलावर उघडलेले. कागद त्यांच्याकडे चार दिवस होता, हे तिला नंतर कळलं. चार दिवस तो त्यांच्या टेबलाच्या खणात होता आणि चारही दिवस ते तिला विचारत होते, तयारी कशी चाललीय. मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी प्रेमळ आवाजात –

"बाई, त्या दिवशी हातमोजे घातले होतेत, की मेंदी सुकायची होती?"

सभागृह हसलं. स्फाक्सचे हसले, सूसचे हसले, बिझर्तचा एक म्हातारा डोळे पुसत हसला. नैला हसली नाही, ती आपल्या हातांकडे बघत बसली. वसीलाने तेवढंच पाहिलं आणि तेवढंच घेऊन ती खाली उतरली. पुढची चार वर्षं ती भांडारात होती, खोकी मोजत. नाव पडलं मेंदी. "मेंदीला विचार, नळ्या आल्या का." नवरा एकदा म्हणाला, अगं सोड ना आता, तेव्हा तिने त्याच्याशी तीन दिवस अबोला धरला, पुढे तोही बोलायचा थांबला, आणि काही वर्षांनी घरी यायचाही. हातमोजे होते. तिला त्यांची पावडर आठवते, ओल्या मेंदीच्या वासात मिसळलेला रबराचा वास आठवतो. दोघींतल्या एकीलाच विचारलं गेलं. दोघींची तपासणी करा, असं कुणी म्हणालं नाही. "आपल्या माणसांची लाळ आपण तपासत नाही," हेदींनी विषय मिटवला. भांडारातून वर आल्यावर डीएनएचं यंत्र तिच्या खुर्चीपासून तीन हातांवर होतं. तीन हात. एक काडी, एक संध्याकाळ. तिने स्वतःहून कधी ती काडी गालात फिरवली नाही. गरज काय होती? ज्याने चोरी केली नाही तो स्वतःची झडती घेतो का?

ते नऊ दिवस तिने अरीजला घडवली. दुपारी सगळे जेवायला गेले की सभागृहात नेऊन उभी करायची, स्वतः शेवटच्या रांगेत बसायची. खांदे मागे. कागद खाली ठेव. वाक्य संपलं की थांब, लोकांना गिळू दे. मुलगी शिकत होती, वाकायची थांबत होती, आणि वसीलाला तिचं खरोखरच कौतुक वाटू लागलं, जसं चांगल्या पोलादाच्या सुरीचं वाटतं. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून ती आपला प्रश्न रचत असे. अध्यक्ष तीच होती; शेवटचा प्रश्न अध्यक्षाचा. अरीजच्या तक्त्यात दोरीवरच्या बाईसमोर घरच्यांच्या यादीतला आकडा होता, चौदा.

पहिला खर्डा: अरीज, दोरीच्या प्रकरणातला क्रमांक चौदा, ही व्यक्ती आज सभागृहात आहे का?

नाही. फार नाटकी. लोक इकडे तिकडे बघतील, नैला सावध होईल.

सहावा खर्डा: चौदा क्रमांकाची व्यक्ती आज कोणत्या पदावर काम करते?

हा तिने दोन दिवस तोंडात घोळवला. मग तोही टाकला. त्यात द्वेषाचा वास येत होता, आणि वास येता कामा नये. हेदींच्या प्रश्नाला कुठे वास होता? तो किती स्वच्छ होता, धुतलेल्या बशीसारखा. लोक हसले आणि घरी जाऊन विसरले. तिला तसाच हवा होता. तिला नैलाचा चेहरा हवा होता, आणि त्या चेहऱ्याशेजारी हेदींचा. दोन्ही एका वेळी.

"मॅडम," एके दुपारी अरीज व्यासपीठावरूनच म्हणाली, "नावं विचारली कुणी तर?"

"कोण विचारणार आहे?"

"समजा."

"समजा विचारलं, तर खरं सांगायचं. शास्त्रात लाज नसते, पोरी."

मुलीने कागद जुळवून ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत आज. माझ्याकडे मलावीची रोटी आहे, आईने दिलीय, ट्यूना घालून." दोघींनी व्यासपीठाच्या पायरीवर बसून अर्धी अर्धी रोटी खाल्ली. हरीसाची मिरचीची चटणी झणझणीत होती, वसीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अरीजने घाईघाईने आपली पाण्याची बाटली पुढे केली. इतकी माया का, असं वसीलाला ओझरतं वाटून गेलं. पण त्या दिवसांत तिला सगळंच ओझरतं वाटत होतं. स्वच्छ दिसत होते ते दोनच चेहरे.

सभेच्या दिवशी ऊन लवकर चढलं. स्फाक्सचे लोक बदामाच्या मिठाईचं खोकं घेऊन आले, सूसचे उशिरा आले. हेदी पहिल्या रांगेत, कानामागे मोगऱ्याच्या कळ्यांचा छोटा गुच्छ, म्हातारपणानं सुकलेले, हसरे. त्यांच्या मागे भिंतीवर कापडी फलक: नवोदितांना बोलतं करणाऱ्या गुरूला. निरोपाचा समारंभ चहानंतर होता. नैला त्यांच्या शेजारी बसली होती, आणि वसीला अध्यक्षाच्या खुर्चीकडे जाताना ती अर्धी उठली. "लल्ला वसीला, बस इथे, सावली आहे," असं काहीतरी आदराने म्हणाली. वसीलाने न ऐकल्यासारखं केलं.

केसांवरचा मुलगा बोलला. बुटांच्या ठशांवरची एक मुलगी बोलली, तिचा आवाज गेला, तिला पाणी दिलं. मग अरीज. खांदे मागे, कागद खाली. वाक्य संपलं की थांबत होती. मुलीने अकराही अनोळखी माणसं एका तक्त्यात मांडली, दोरी चौथ्या ओळीत होती, तिच्यासमोर चौदा. नैलाने रुमाल काढला. बघ, वसीला म्हणाली, मनात, कुणाला कोण जाणे. बघ कशी घाम पुसते.

"यात एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती," अरीज म्हणाली. "मी धरून चालले होते की चूक हातांची असेल. मोजे नसतील, फाटले असतील. तसं नाही. अकरापैकी आठ वेळा नमुन्यात मिसळली ती लाळ. हात नव्हे, तोंड. आणि आठही माणसं तेव्हा नोकरीच्या पहिल्या वर्षात होती."

ती थांबली. लोकांना गिळू दिलं.

"मग मी जुन्या लोकांशी बोलले. आपल्याकडे पूर्वी एक पद्धत होती. नवीन माणसाने काम करताना प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणायची, समोर सभा बसलीय असं समजून. म्हणजे पुढे सगळ्यांसमोर बोलताना जीभ अडखळत नाही. तोंडाला पट्टी बांधायचा नियम तेव्हा नव्हता. उघड्या नमुन्यावर वाकून, मोठ्याने –"

आता मी काडी ओली करते आहे. आता मी गाठीच्या आतल्या वळणावर येते आहे. वसीलाला तो आवाज ऐकू आला. सत्तावीस वर्षांचा, उतावळा, नुकत्याच लग्न झालेल्या बाईचा. सन्माननीय सहकारी हो, आपण पाहू शकता. दोरी टेबलावर पांढऱ्या कागदावर, आणि ती तिच्यावर वाकलेली, दोन्ही हात रबरात सुरक्षित, आणि तोंड मोकळं. आणि दारात हेदी, हात मागे बांधून. आणखी मोठ्याने, पोरी. शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. नैला? नैला पहिल्या वर्षात नव्हती. नैला तिच्या आधी तीन वर्षं लागलेली. नैला कोपऱ्यात गप्प बसून चिठ्ठ्या लिहीत होती. नैलाला कुणी बोलायला लावत नसे, ती घरचीच होती. वसीलाने हे सगळं एका क्षणात पाहिलं, आणि ते पाहत असतानाच, जसं उतारावर पाय आपोआप पडत जातात तसा, तिचा प्रश्न तिच्या तोंडून बाहेर पडला. एकविसावा खर्डा. साधा, स्वच्छ.

"क्रमांक चौदा कोण, अरीज?"

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नैलाने डोळे मिटले होते, ओठ आत घेतले होते, आणि वसीलाला आता ते दिसलं, अपराध नव्हे, नुसती भीती. एकोणीस वर्षं हीसुद्धा स्वतःहून आपल्या गालात काडी न फिरवता जगली होती.

"मॅडम, ते मी इथे नाही सांगू शकत," अरीज म्हणाली. "आपण सह्या केल्या त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर आहे. आकडा कुणाचा, ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. विचारायचा हक्क फक्त त्या एकाच माणसाला." तिचा आवाज खाली आला, शेवटच्या रांगेला ऐकू गेला नसेल. "चहाच्या वेळेला विचाराल का, मॅडम? प्लीज."

सभागृहात कळणाऱ्यांना कळलं, चौदा कोण ते. तिसऱ्या रांगेत कुणीतरी दुसऱ्याच्या कानाशी वाकलं. नैलाने डोळे उघडले, तिच्या छातीतून हुंदक्यासारखं काहीतरी निसटलं आणि तिने ते रुमालात दाबलं. आणि वसीलाला पेन्सिलीची ती रेघ समजली. पोरीने आपलं नाव स्वतःला वाचवायला खोडलं नव्हतं, तिला वाचवायला. आणि पाण्याची बाटली. आणि अर्धी रोटी.

हेदी उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळू, आणि अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, "चला, चहा गार होतोय. वसीला, सोड गं. झालं गेलं. तुला काय कुणी परकं समजतं का?" त्यांनी सभेकडे वळून हात पसरले. "घरात चुका होतातच. आपण माफ करून टाकू."

लोक हलले. खुर्च्या वाजल्या. कुणीतरी सुटकेचं हसलंसुद्धा. वसीला बसून होती आणि तिला आधी वाटलं, आपण आता मरू, लाजेने, इथेच. त्या पुतण्याची बोट तिला दिसली. ती तिनेच सोडली होती, आपल्या बोलण्याने. ते तिचंच होतं, ते कुणी घेणार नव्हतं. मग लाजेच्या खाली हात घालावा आणि बोटांना काही कडक लागावं तसं तिला ते लागलं. माफ करून टाकू. हा माणूस घाईत का आहे? चहाला अजून वीस मिनिटं होती. हा तिच्यासाठी उठला नव्हता. आठ माणसं. आठही पहिल्या वर्षातली. दारात हात मागे बांधून उभा असलेला एकच माणूस. तिचं नाव उच्चारलं गेलं नाही तर चौदा हा नुसता आकडा राहील, आणि आकड्याला कुणी शिकवलेलं नसतं. चहानंतर फलकाखाली फोटो निघेल. त्याच्यापर्यंत जायचं तर वाट एकच होती, आणि ती तिच्या स्वतःच्या अंगावरून जात होती.

"बसा," ती माईकमध्ये म्हणाली. "अध्यक्षांनी सभा संपवलेली नाही."

उभे राहिलेले एकेक करून बसले. हेदी उभेच राहिले.

"अरीज, त्या कागदावर माझी सही आहे ना?"

"मॅडम, नका."

"आहे ना?"

"आहे."

"मग ज्याला विचारायचा हक्क आहे तो विचारतोय. घाबरू नकोस, चांगली बोललीस तू आज, फार चांगली. क्रमांक चौदा कोण?"

अरीज रडत होती, पण खांदे मागेच होते. "तुम्ही, मॅडम," ती म्हणाली.

वसीलाने मान हलवली. समोरच्या कागदावर तिने चौथ्या ओळीसमोर आपलं नाव पूर्ण लिहिलं, तारखेसकट, आणि खाली रेघ ओढली. एकोणीस वर्षांत ती इतकी मोकळी, इतकी दुष्ट आणि इतकी शांत कधीच नव्हती.

"नोंद झाली," ती म्हणाली. "आता त्या दोरीवर वाकून मी जे बोलत होते, ते मोठ्याने बोल म्हणून मला कुणी सांगितलं, तो प्रश्न. तो अरीजला नाही." तिने माईकची मान पहिल्या रांगेकडे वळवली. "सी हेदी, तुम्ही उभेच आहात. सावकाश सांगा. इथे सगळे आपलेच आहेत."